लेंडीबाई आणि साहेबांचं झुडूप

चारा संशोधन केंद्रात तिला तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठ फिरली की 'लेंडीबाई'. तिला ते ठाऊक होतं. नाव चुकीचं आहे असंही ती म्हणू शकत नव्हती, कारण सव्वीस वर्षं तिचं काम तेच होतं. पिंजऱ्यातल्या मेंढ्यांच्या मागे कापडी झोळी बांधायची, चोवीस तासांनी ती सोडायची, आत पडलेल्या लेंड्या तोलायच्या, आकडा लिहायचा. त्याआधी आदल्या दिवशीचा उरलेला चारा गव्हाणीतून झाडून काढायचा, तोही तोलायचा, तोही आकडा लिहायचा. दिलेल्यातून उरलेलं वजा केलं की मेंढ्यानं काय खाल्लं ते कळतं, आणि खाल्लेल्यातून लेंड्या वजा केल्या की त्याच्या अंगाला काय लागलं ते कळतं. एवढ्या दोन वजाबाक्यांवर केंद्राची दुमजली इमारत, तिच्यातले पंखे आणि पंख्यांखाली बसलेली माणसं उभी होती.

सव्वीस वर्षांत तिनं सात साहेब पाहिले. मेंढे तर किती आले नि गेले याची मोजदाद नव्हती. दोघांत तिला फरक दिसे तो एवढाच, की मेंढे जाताना निरोपसमारंभ करून घेत नसत.

घरी एक अंगण आणि दोन स्वयंपाकघरं होती. एक तिचं, एक थोरल्या जाऊबाईंचं. ती कामावरून आली की जाऊबाई हातातलं काम न थांबवता विचारत, "हात धुतलेस का गं?" ती केंद्रात साबणानं दोनदा धुऊन येई, तरी अंगणातल्या नळावर तिसऱ्यांदा धुई. भांडण्यापेक्षा पाणी बरं. थोरल्या दिरांच्या स्वतःच्या बावीस मेंढ्या होत्या आणि जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल स्वतःची मतं होती. मेंढ्या कमी-जास्त होत, मतं कमी झाल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तिचा नवरा विजेची दुरुस्ती करायचा आणि फार बोलत नसे. त्यामुळे घरात शहाणा म्हणून त्याचं नाव होतं.

आठवे साहेब आले आणि केंद्राचे दिवस पालटले, निदान साहेब तरी तसं म्हणत. त्यांच्या प्रत्येक वाक्यात प्रथिनं यायची, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांचं 'प्रथिनसाहेब' हे नाव पडलं. त्यांनी सोबत एक झुडूप आणलं होतं. उष्ण मुलखातलं, शेंगा धरणारं, उन्हाळ्यात सगळं गवत करपलं तरी हिरवंगार राहणारं. पाल्यात शंभरात बावीस भाग प्रथिनं. गवतात सहा-सात मिळाले तरी नशीब. साहेबांनी हा बावीसचा आकडा फळ्यावर लिहिला, भिंतीवर रंगवला आणि रेडिओवर जाऊन वीस मिनिटं सांगितला. यापुढे मेंढ्यांना दुसरं काही घालायची गरजच उरणार नाही, असं ते म्हणाले. थोरले दीर रेडिओला कान लावून बसले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रोपांसाठी नाव नोंदवलं आणि गवताचा तुकडा नांगरून टाकला.

वर्षभरात झुडपं डोक्याएवढी झाली आणि केंद्रात प्रयोग सुरू झाला. आठ मेंढे, आठ पिंजरे, प्रत्येकाला रोज तीन किलो ओला पाला, बाकी काही नाही. पहिल्या सकाळी मेंढ्यांनी पाला हुंगला, घास घेतला, चावला, आणि मग आठही जणांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. साहेब म्हणाले, नवं आहे, सवय होईल. दोन आठवडे झाले, सवय काही झाली नाही. तिसऱ्या आठवड्यातही प्रत्येक गव्हाणीतून रोज दोन किलोच्या वर पाला जसाच्या तसा निघत होता.

एका सकाळी आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं एक पान तोंडात टाकलं. आधी हिरवट, जरा गोडसर लागलं. मग जिभेवर कुणीतरी टीपकागद पसरल्यासारखं झालं. गाल दातांना चिकटले, लाळ कुठे गेली कळेना. पाणी प्याली, चूळ भरली, तरी तासभर तोंड कोरडंठाक. कच्चं केळं सालासकट चावल्यासारखं. तिनं ते जाऊन साहेबांना सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माणसाची जीभ वेगळी, मेंढ्याची जीभ वेगळी, असं तिला समजावून दिलं. मेंढ्यांची जीभ कशी असते हे सव्वीस वर्षं चाटून घेतलेल्या बाईला वर्ष-दीड वर्षापूर्वी आलेला माणूस सांगत होता. ती 'बरं' म्हणाली.

लेंड्याही तिला बऱ्या वाटत नव्हत्या. थोड्या, बारक्या, काळ्या आणि कोटाच्या बटणासारख्या टणक. प्रयोगशाळेतल्या माणसानं त्या तपासल्या, तर त्यांत नत्र, म्हणजे प्रथिनांची खूण, नेहमीच्या दुप्पट. म्हणजे प्रथिनं तोंडातून जात होती आणि जशीच्या तशी मागून बाहेर पडत होती. साहेब म्हणाले, यंत्र जुनं झालंय. यंत्र दुरुस्त करून आणलं. दुरुस्त यंत्रानंही तेच सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले की दुरुस्त करणारा अडाणी होता. मेंढ्यांची वजनं केली तर प्रत्येक जण दीड-दोन किलोनं उतरलेला. त्यावर साहेबांचं म्हणणं असं पडलं की काट्यावर उभं राहताना मेंढे घाबरतात आणि भीतीनं वजन कमी भरतं. हे खरं असतं तर दवाखान्यातल्या काट्यावर जाऊबाई कधीच्या सडपातळ निघाल्या असत्या, असं तिच्या मनात आलं. ते तिनं मनातच ठेवलं.

साहेबांच्या हाताखाली एक संशोधक होते. वय बेचाळीस, आणि प्रबंधाचं अकरावं वर्ष. त्यांना सगळे 'होणारे डॉक्टर' म्हणत. त्यांच्या आधीच्या दोन प्रयोगांत एकदा मेंढे आजारी पडले होते आणि एकदा साहेब बदलले होते. हा तिसरा प्रयोग तडीला गेला नाही तर घरी तोंड दाखवायला जागा नाही, असं ते गव्हाणीशी उभं राहून तिलाच सांगत. ती ऐकून घेई. माणूस वाईट नव्हता, पण कुणी जरा मोठ्यानं बोललं की त्यांच्या पाठीचा कणा कुठे जाई ते कळत नसे.

मग पत्र आलं, की तपासणी समिती येणार आहे. प्रकल्प पुढे चालवायचा की बंद करायचा, हे ती ठरवणार होती. पत्र आलं त्याच दुपारी साहेब गोठ्यात उतरले. गोठ्यात साहेब उतरण्याची ती तिसरी वेळ. हातात खोडरबर होता.

गोठ्यात ओल असते, शाई पसरते, म्हणून नोंदवही पेन्सिलीनं लिहायची असा केंद्राचा फार जुना नियम होता. हा नियम कुणाच्या सोयीचा आहे, ते तिला त्या दुपारी कळलं. उरलेल्या चाऱ्याच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, दोन पॉइंट दोन, दोन पॉइंट एक, दोन पॉइंट तीन. साहेबांनी प्रत्येक टिंबाच्या डावीकडचा दोन पुसला आणि तिथे शून्य काढलं. दोन किलो दोनशे ग्रॅम उरलेला पाला दोनशे ग्रॅम झाला. आठशे ग्रॅम खाणारा मेंढा दोन किलो आठशे ग्रॅम खाऊ लागला. तीन आठवडे, आठ मेंढे. साहेबांचा हात दुखायला लागला तेव्हा उरलेली पानं त्यांनी होणाऱ्या डॉक्टरांना पुसायला दिली.

तिला राहवलं नाही.

"साहेब, खाल्लेलं वाढवलंत तर लेंड्याही वाढवाव्या लागतील. त्या मी कुठून आणू?"

साहेबांनी वहीतला लेंड्यांचा रकाना पाहिला. मग त्यांचा चेहरा उजळला. लेंड्या वाढवायची काही गरज नाही, ते म्हणाले. इतकं खाऊन लेंड्या एवढ्याशाच, म्हणजे बाकीचं सगळं पचलं. हेच तर या झुडपाचं वैशिष्ट्य! होणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी तिथल्या तिथे गणित करायला लावलं. पाणी वगळून कोरड्या वजनाचं उत्तर आलं, शंभरातले शहाऐंशी भाग पचतात. उत्तर बघून होणारे डॉक्टर पांढरे पडले. चांगलं गवतसुद्धा शंभरात साठ-पासष्ट पचलं तर खूप, हे त्यांना पाठ होतं. पण अकरा वर्षंही पाठ होती. त्यांनी आकडा टाइप करायला घेतला.

घरी तिला जेवण जाईना. नवऱ्यानं विचारलं. खोटं तिनं आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं, सात साहेब म्हणजे काही थोडे नव्हेत. तिला लागलं होतं ते वेगळंच. टिंबाच्या डावीकडचं शून्य साहेबांचं होतं, पण उजवीकडचा आकडा अजून तिच्याच अक्षरात होता. पाहणाऱ्याला वाटणार, सगळं तिनंच लिहिलंय. नवरा म्हणाला, "चिठ्ठ्या आहेत ना?"

चिठ्ठ्या होत्या. आकडा वहीत चढवण्याआधी ती तो पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहून झोळीला बांधत असे, आणि वापरलेल्या चिठ्ठ्या गोठ्याच्या भिंतीवरच्या तारेत ओवत असे. तिनं त्या लपवल्या नाहीत, घरीही आणल्या नाहीत. तार साहेबांच्या डोक्याच्या वीतभर वर लटकत होती. वर पाहायची साहेबांना सवय नव्हती.

तिकडे घरच्या मेंढ्याही वाळत चालल्या होत्या. दिरांनी रेडिओवर ऐकल्याप्रमाणे नुसता पाला घालायला सुरुवात केली होती, आणि गवताचा तुकडा नांगरला गेल्यामुळे दुसरं घालायला फारसं काही नव्हतंही. दीर आधी हवेला नावं ठेवत होते, मग मेंढ्यांच्या जातीला, मग जाऊबाईंच्या हाताला. जाऊबाईंनी एकदा कपडे वाळत घालता घालता भिंतीला सांगितल्यासारखं म्हटलं, की आमच्या मेंढ्या हल्ली फार नखरे करतात. तिनं ताबडतोब सांगितलं, नुसता पाला नको, वाळलं गवत विकत-उसनं कसंही आणा आणि तेच जास्त घाला, पाला थोडा. आतून दिरांचा आवाज आला.

"लेंड्या मोजणाऱ्यांनी चाऱ्याचं सांगू नये."

ती आपल्या स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी मात्र जाऊबाईंनी हात धुण्याबद्दल विचारलं नाही.

समितीत तिघं होते. दोन पुरुष घड्याळाकडे पाहत होते आणि मुख्य परीक्षकबाई आकड्यांकडे. त्या पंचाहत्तरीच्या, हातात काठी, कानाला यंत्र. साहेबांनी दिवे मालवून पडद्यावर चित्रं दाखवली. हिरवं झुडूप, हसणारा शेतकरी, पुन्हा झुडूप, आणि शेवटी मोठ्ठा शहाऐंशी. दिवे लागले. परीक्षकबाईंनी पाकिटाच्या मागच्या बाजूला काहीतरी आकडेमोड केली आणि विचारलं, की हे मेंढे दिवसाला जवळजवळ तीन किलो खातात, त्यातलं शंभरात शहाऐंशी पचवतात, आणि तरी तीन आठवड्यांत दोन किलोनं बारीक होतात. तर जातं कुठं? मेंढे पाळलेत की भट्ट्या?

साहेबांनी काट्याच्या भीतीचं सांगितलं. परीक्षकबाईंनी कानातलं यंत्र नीट बसवलं आणि ते पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगताना ते साहेबांनाही तितकंसं पटलं नाही.

"मोजतं कोण?" परीक्षकबाईंनी विचारलं.

तिला गोठ्यातून बोलावणं आलं. गमबूट तसेच, कमरेला झोळी तशीच. गालिच्याच्या कडेवर ती थांबली. साहेब डोळ्यांनी तिला बरंच काही सांगत होते. परीक्षकबाईंनी नोंदवही तिच्यापुढे धरली आणि हे आकडे तुमचे का, असं विचारलं. 'हो' म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. ते तिच्या तोंडापर्यंत आलंही होतं.

"लेंड्यांचे सगळे माझे," ती म्हणाली. "चाऱ्याचे अर्धे माझे."

"अर्धे म्हणजे?"

"टिंबाच्या उजवीकडचे."

होणारे डॉक्टर खिडकीबाहेर असं टक लावून पाहत होते, की जणू त्यांचा प्रबंध बाहेरच्या खांबावर लिहिलेला आहे. तिनं जाऊन तार आणली. परीक्षकबाईंनी एकेक चिठ्ठी ओढून वहीशी ताडून पाहिली. वीसेक चिठ्ठ्या झाल्यावर त्यांनी तार खाली ठेवली आणि तिला विचारलं, की मेंढे का खात नाहीत, तुम्हाला काय वाटतं? सव्वीस वर्षांत हा प्रश्न तिला पहिल्यांदा विचारला गेला. तिनं सांगितलं की सांगून कळायचं नाही, चावून बघा.

पाला आणवला गेला. परीक्षकबाईंनी पान दुमडून तोंडात घातलं आणि डोळे मिटून चावलं. समितीतल्या दोघांना चावणं भाग पडलं. मग तिघांनी साहेबांकडे पाहिलं, तेव्हा साहेबांनाही घ्यावं लागलं, आणि घाबरून त्यांनी जरा मोठंच पान घेतलं. एक मिनिटानं परीक्षकबाईंनी त्यांना कसं लागलं ते विचारलं. जीभ टाळ्याला चिकटलेली. "प्र... प्रथि..." एवढंच बाहेर आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं प्रथिनांचं वाक्य अपुरं राहिलं.

परीक्षकबाईंनी चूळ भरली आणि साध्या शब्दांत सांगितलं. या पाल्यात टॅनिन भरपूर आहे, तेच तुरट लागतं. ते प्रथिनांना घट्ट धरून बसतं. तोंडातल्या लाळेलाही सोडत नाही, म्हणून तोंड कोरडं पडतं आणि जनावर घास टाकतं. पोटात गेल्यावर पाल्यातल्या प्रथिनांना धरून ठेवतं. ते बेताचं असेल तर उलट चांगलं, कारण कोठीपोटातले, म्हणजे रवंथाच्या पहिल्या पोटातले जंतू प्रथिनं फस्त करतात, ती त्यांच्या हातून सुटून पुढे आतड्यात जातात आणि मेंढ्याच्या अंगाला लागतात. शिवाय पोटातल्या जंतांनाही टॅनिन मानवत नाही. पण जास्त झालं की पकड शेवटपर्यंत सुटत नाही आणि सगळं मागून बाहेर.

"म्हणजे माझ्या झोळीत," ती म्हणाली.

"तुमच्या झोळीत," परीक्षकबाई म्हणाल्या. "बावीस टक्के प्रथिनं कुणाला मिळत असतील तर ती तुम्हाला, बाई."

कुणाला वाटेल की मग साहेबांवर काही कारवाई झाली असेल. तसं काही झालं नाही. झालेल्या चुकीला 'नोंदीतील तांत्रिक विसंगती' असं नाव मिळालं, आणि एकदा नाव मिळालं की चूक कुणाचीच राहत नाही. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली. परीक्षकबाईंनी मात्र दोन अटी घातल्या. एक, प्रयोग पुन्हा करायचा: काही मेंढ्यांना नुसतं गवत, काहींना पाव भाग पाला, काहींना अर्धा, काहींना पूर्ण. दोन, नोंदवही शाईनं लिहायची. ओल असेल तर छत दुरुस्त करा, त्या म्हणाल्या. छत दुरुस्त झालं. सात साहेबांना सांगून जे झालं नव्हतं, ते एका अटीनं झालं.

तीन महिने ती नवे आकडे लिहीत होती. पूर्ण पालावाले पुन्हा रोडावले. अर्धावाले खायचे, पण वजन जिथल्या तिथे. गवतवाले रडतखडत. पाव भागवाले मात्र सरस निघाले, त्यांच्या अंगावर हात ठेवला तर बरगडी लागेना. त्यांच्या लेंड्यांत जंतांची अंडी निम्म्यावर आली. ती आता एक डोळा काट्यावर आणि एक मेंढ्यावर ठेवून काम करी, आणि तिच्या लक्षात आलं की तिला सकाळी केंद्रावर जायची घाई होते. या वयात असं काही होईल, याची तिला कल्पना नव्हती.

साहेब पुन्हा रेडिओवर गेले. टॅनिनबाबत मी सुरुवातीपासूनच सावध होतो, असं त्यांनी सांगितलं. पुढे त्यांची मुख्य कचेरीत बढती झाली, आणि आता तिथे त्यांना टॅनिनसाहेब म्हणतात, असं कानावर येतं. होणारे डॉक्टर बाराव्या वर्षी डॉक्टर झाले. प्रबंधाची प्रत त्यांनी तिला आणून दाखवली. आभाराच्या पानावर साहेब होते, पत्नी होती, सासरे होते, टाइप करणारा होता, आणि सगळ्यांत शेवटी 'गोठ्यातील कर्मचारी वर्ग' होता. तिनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, यात मी कुठे? त्या वर्गात तुम्ही आलातच की, डॉक्टर म्हणाले.

"वर्गात आम्ही दोघंच आहोत," ती म्हणाली. "दुसरं मांजर आहे."

डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. पान मात्र छापून झालं होतं.

घरी दिरांच्या बावीस मेंढ्यांतल्या सतरा उरल्या होत्या. दुसरं भाषण त्यांनी रेडिओवर ऐकलं, आणि साहेब सांगत होते म्हटल्यावर गवत विकत आणलं. मेंढ्या महिन्याभरात सावरल्या. झुडूप आसपासच्या बऱ्याच लोकांनी लावलेलं असल्यामुळे दिरांकडे विचारायला माणसं येऊ लागली. दीर अंगणात खाटेवर बसून सल्ला देत. भावजयीला केंद्रात नोकरी आहे, हेही ते आता मध्ये मध्ये सांगत.

एका संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा अंगणात पाच-सहा जण बसले होते. दीर टॅनिन समजावून सांगत होते आणि ते बरंचसं बरोबर होतं. मग एकानं विचारलं, की पाला नक्की किती घालायचा.

"अर्धा," दीर म्हणाले. "अर्धा पाला, अर्धं गवत. डोळे मिटून."

ती आपल्या दारापर्यंत पोचली होती. तिनं पिशवी खाली ठेवली.

"अर्धा नाही, भाऊजी. पाव."

थोरल्या दिराला चारचौघांत तिनं असं आजवर कधी टोकलं नव्हतं. जाऊबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. दिरांनी घसा खाकरला, खाटेवर जरा सरकून बसले.

"पाव," ते म्हणाले. "तेच म्हणतोय मी."

विचारणाऱ्यानं मान डोलावली. पण पुढचा प्रश्न, पाला सुकवून घातला तर चालेल का, हा त्यानं खाटेकडे पाहून विचारला नाही. तो उठून तिच्या दाराशी आला. ती म्हणाली की थोडा सुकवला तर बरा पडावा, पण तसा प्रयोग अजून तिच्या काट्यावर झालेला नाही, झाला की सांगेन. मग ती आत गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं. बाहेर दीर पुन्हा बोलायला लागले होते. जाऊबाई सूप बाजूला ठेवून तिच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या त्या पांढऱ्या मेंढीच्या लेंड्या जरा बघतेस का उद्या? मला काही बऱ्या वाटत नाहीत."